काटा हलेना, टेलर ऐकेना

आमच्या गल्लीत कोणाच्या घरची बातमी आधी टेलरबाईला कळते, नंतर ज्याची बातमी त्याला. कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाच्या सुनेला दिवस गेले, सगळं तिच्या मशीनच्या सुईखालून जातं. दिवाळी झाली, धान घरी आला, लग्नाच्या तारखा निघाल्या अन् तिनं बातमी सोडली: शेजारच्या वहिनींचे सगळे ब्लाउज दुरुस्तीला आले. कमरेशी आत घ्यायचे अन् दंडात मात्र सैल करायचे.

"आता बोला! बाई वाळली तं सगळीकडून वाळते ना वं? ही पोटात वाळून राहिली अन् दंडात भरून राहिली. हे कोणतं दुखणं?"

टेलरबाई एवढं बोलून थांबली. पुढचं काम गल्लीनं केलं. एकीनं शुगर ठरवली, दुसरीनं थायरॉइड. तिसरीच्या जावेनं वहिनींना म्हणे नागपूरच्या गाडीत चढताना पाहिलं होतं. गोंदियाचा माणूस नागपूरला दोनच कामांनी जातो, लग्नाच्या खरेदीला नाहीतर मोठ्या डॉक्टरकडे. वहिनींच्या घरी यंदा लग्न नाही. झालं, निदान पक्कं!

मला असलं काही पोटात ठेवता येत नाही. रविवारी सकाळी कंपाउंडपाशी गेले. आमचं कंपाउंड छातीएवढं आहे, दोन्हीकडून कोपरं टेकून उभं राहिलं की तासभर पाय दुखत नाहीत. माझ्या बाजूला मावशी उन्हात बसून पोपटाच्या शेंगा सोलत होती. ती अर्जुनी मोरगावकडची, थंडीत राहायला येते. पलीकडे वहिनी कपडे वाळत घालत होत्या, अन् पायरीवर त्यांची भाची चहा पीत बसली होती. पोट्टी इथल्याच सरकारी मेडिकल कॉलेजात शिकते, रविवारी मेसच्या जेवणाला कंटाळून मामाकडे येते.

"वहिनी, रागावू नका, पण तब्येत बरी आहे ना?"

"मले काय धाड भरली!" वहिनी हसल्या. "शुगर म्हणून राहिले ना लोक? तपासली मी. उपाशीपोटीची तपासली, तीन महिन्यांचीही तपासली. दोन्ही बरोबर निघाल्या. नागपूरले तं मी शाळेच्या ट्रेनिंगले गेली होती."

"मग एवढ्या बारीक दिसून राहिल्या, वजन किती उतरलं?"

इथं वहिनींचा चेहरा पडला. हातातला टॉवेल दोरीवर नुसताच टाकला. "तेच तं रडगाणं आहे ताई. पावसाळ्यात एकसष्ट किलो होती, आजही एकसष्ट. एक किलो हललं नाही."

मग जे सगळं गल्लीला माहीत नव्हतं ते बाहेर आलं. वहिनी पावसाळ्यापासून बायांच्या बॅचला व्यायामाला जातात. नुसतं चालायला नाही, डंबेल उचलायला! उठाबशा, भिंतीला हात टेकून दंड, खांद्यावर वजन घेऊन पायऱ्या. घरी भात अर्ध्यावर आणला, सकाळी दोन अंडी, डाळ घट्ट. पहिल्याच आठवड्यात चौकातल्या मेडिकलच्या काट्यावर दीड किलो कमी दिसलं, वहिनी खूश. महिन्याभरात ते दीड किलो गुपचूप परत आलं अन् त्यानंतर काटा जागचा हलला नाही.

"सोडून द्यावं वाटते," वहिनी म्हणाल्या. "एवढ्या पहाटे उठा, लोकांचं ऐका, अन् शेवटी एकसष्ट."

तेवढ्यात भाऊजी पेपर घेऊन बाहेर आले. भाऊजींची सगळी नोकरी राइस मिलच्या धरमकाट्यावर गेली. वजनाचा विषय निघाला की त्यांना आतून बोलवावं लागत नाही.

"मी हिले तेच सांगून राहिलो ताई. पैसे गेले, झोप गेली, भात गेला. गोंदियात राहून भात कमी! उद्या कोणी म्हणेल, नवेगावबांधात राहून पाणी कमी. अन् फळ काय? शून्य." मग पेपरची गुंडाळी छातीवर आपटून म्हणाले, "हे पाहा. लग्नात चौसष्ट किलो, आज रिटायर झालो तरी चौसष्ट. एक दिवस व्यायाम केला नाही. याले म्हणतात तब्येत."

भाचीनं कप खाली ठेवला. "मामा, मामीची काळजी नाही. मले तुमचीच वाटते."

"माझी? काहून?"

"तुमचं वजन तेवढंच आहे म्हणून."

"अन् हिचं तेवढंच आहे, ते?"

"ते चांगलं आहे."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. पोरीला शिकायला पाठवलं त्याचं हे फळ, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. मावशीनं शेंगांचं टोपलं जरा जवळ ओढलं. एकाच घरात दोन माणसं, दोघांचे काटे जागच्या जागी, अन् एकाचं चांगलं, एकाचं वाईट! असलं रोज थोडंच ऐकायला मिळतं?

भाची हुशार. तिनं मामाला पुस्तकातलं काही सांगितलं नाही, मिलमधलं विचारलं. "मामा, शेतकरी धान घेऊन आला, काट्यावर शंभर किलो भरला. तुम्ही लगेच पैसे देत होते का?"

"असे कसे देणार? आधी ओलावा पाहावा लागते." भाऊजी खुलले. "ओलाव्याचं मशीन असते. सरकारी खरेदीत सतरा टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. अन् सरकारचा हिशेब पक्का आहे, शंभर किलो धानाचा अरवा तांदूळ सदुसष्ट किलो जमा करा, उसना असला तं अडुसष्ट. बाकी भुसा अन् कोंडा. आता ओला धान घेतला तं सदुसष्ट किलो येतील कुठून? मातीचे खडे, पोचट दाणा, सगळं पाहावं लागते. नुसत्या काट्यावर विसंबून धान घेणारा मिलवाला एका हंगामात बुडते."

"मग माणूसच का नुसत्या काट्यावर घ्यायचा?"

भाऊजींचं तोंड उघडं ते उघडंच. मावशी म्हणाली, "सापडला गा, सापडला!"

पण मिलमधला माणूस एका वाक्यात हार मानत नाही. "बरं. धानात ओलावा असते. माणसात काय असते?"

"हाडं, पाणी, स्नायू अन् चरबी. काटा सगळ्यांची बेरीज सांगते, वाटणी नाही सांगत. मामीची वाटणी बदलली. चरबी गेली, स्नायू आला, बेरीज तेवढीच. तुमचीही बदलली, फक्त उलटी."

मग तिनं वहिनींच्या त्या पळून गेलेल्या दीड किलोचा उलगडा केला. जेवणातली साखर शरीर लिव्हरमध्ये अन् स्नायूंमध्ये साठवून ठेवतं, त्याला ग्लायकोजेन म्हणतात, अन् एका ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. वहिनींनी भात कमी केला, साठा थोडा रिकामा झाला, त्याबरोबर पाणी गेलं. काटा उतरला, चरबी होती तिथंच होती. पुढं व्यायाम सुरू झाल्यावर स्नायूंनी आपला साठा भरायला घेतला, पाणी परत आलं, अन् त्याच दिवसांत चरबी खरोखर उतरायला लागली होती. "म्हणजे मामी, तू खूश झाली तेव्हा काहीच झालं नव्हतं, अन् रडत बसली तेव्हा काम सुरू होतं."

"मग ते व्यायामाच्या जागी मशीन आहे, त्यावर उभं राहिलं की चरबी किती टक्के ते सांगते," वहिनी म्हणाल्या. "एका दिवशी चौतीस सांगितली, दुसऱ्या दिवशी सदतीस. एका रात्रीत तीन टक्के चरबी कुठून आली?"

"ते मशीन अंगातून बारीकसा करंट सोडते. स्नायूत पाणी जास्त, तिथून करंट सोपा जाते. चरबीतून जात नाही. त्यावरून ते अंदाज करते. तू पाणी प्यायली की नाही, घामाघूम होऊन आली की काय, यावर आकडा बदलते. रोज पाहू नको."

मावशीला वेगळीच शंका होती. "चरबी गेली म्हणता, तं गेली कुठं? घामातून?"

"नाही आजी, श्वासातून."

आम्ही सगळ्या हसलो. पण पोट्टी गंभीर. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन अन् अँड्र्यू ब्राउन या दोघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा पुरा हिशेब मांडला. दहा किलो चरबी जळली तर तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात अन् १.६ किलोचं पाणी होतं.

"म्हणजे वहिनींच्या पोटावरची चरबी आम्ही पावसाळ्यापासून हवेत घेऊन राहिलो?" मी म्हटलं.

"ताई, तुमचा तो पेरू यंदा उगाच नाही लागला," वहिनी म्हणाल्या. एकसष्टचं दुःख जरा हलकं झालं होतं.

भाऊजी मात्र हिशेबात अडकले होते. "थांब. समज हिची तीन किलो चरबी गेली अन् तीन किलो स्नायू आला. वजन तेवढंच, मान्य. मग ब्लाउज काहून सैल झालं?"

हा प्रश्न मला आवडला. त्याचं उत्तर लोक फार फुगवून देतात. मोबाइलवर फोटो फिरतात, चरबीचा हा मोठा लोंदा अन् तेवढ्याच वजनाच्या स्नायूचा एवढुसा गोळा. भाची म्हणाली, ते खोटं आहे. एक किलो चरबीला साधारण १.१ लिटर जागा लागते अन् एक किलो स्नायूला ०.९४ लिटर. तीन किलोंची अदलाबदल झाली तर अंग जेमतेम अर्धा लिटर कमी होतं.

"अर्ध्या लिटरात चार ब्लाउज उसवतात?"

"मामा, टेलरबाई काय म्हणाली? कमरेत आत, दंडात सैल. चरबी पोटावरून गेली, स्नायू मांड्यांत, पाठीत अन् दंडात आला. कमी झालं ते थोडंसंच, पण जिथून जायला पाहिजे तिथून गेलं."

म्हणजे टेलरबाईनं ज्याला दुखणं ठरवलं तीच तर प्रगतीची पावती होती! सगळ्या गल्लीत बरोबर माप फक्त तिच्याकडेच होतं, तिला ते वाचता आलं नाही एवढंच.

भाऊजींनी आता शेवटचं हत्यार काढलं. "माझा तो बी-एम-आय का काय, तो काढ." उंची पाच फूट सहा इंच, वजन चौसष्ट. भाचीनं मोबाइलवर काढलं, २२.८. आपल्याकडे तेवीसच्या पुढं वजन जास्त धरतात अन् पंचवीसच्या पुढं लठ्ठपणा. "पास!" भाऊजी म्हणाले, अन् पेपर उघडून बसले.

"तो आकडा कोणी काढला माहीत आहे का?" भाची म्हणाली. "केतले नावाचा बेल्जियमचा माणूस, १८३२ च्या सुमारास. तो डॉक्टर नव्हता, आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यास करणारा होता. त्याले एका माणसाची तब्येत पाहायची नव्हती, हजारो माणसांची सरासरी काढायची होती. बॉडी मास इंडेक्स हे नाव तं १९७२ मध्ये आलं, अमेरिकेच्या अँसेल कीज यांच्यामुळे. गावाचा अंदाज घ्यायले तो आकडा चांगला आहे. तुमच्या पोटात काय आहे ते त्याले काय माहीत?"

अन् मग तिनं अमेरिकेच्या नौदलातल्या आल्बर्ट बेन्के या डॉक्टरची गोष्ट सांगितली. १९४२ मध्ये त्यांनी अन् वेलहॅम यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले. हा त्यांचा अमेरिकन फुटबॉल, अंगावर धावून जाण्याचा. त्या काळच्या उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्यातले १७ जण जास्त वजनाचे म्हणून सैन्यभरतीत नापास झाले असते. बेन्के यांनी त्यांचं वजन पाण्याखाली केलं. चरबी पाण्यावर तरंगते, हाडं-स्नायू बुडतात, त्यामुळे पाण्याखालच्या वजनावरून वाटणी कळते. पोरं जड होती, पण चरबीनं नाही.

"ते नापास होऊन चांगले, अन् मी पास होऊन वाईट?" भाऊजी पेपरमागून म्हणाले.

"मामा, तुमच्यासारखाच पास झालेला एक माणूस पुण्यात आहे. साधासुधा नाही, डायबिटीसचा मोठा संशोधक."

ते नाव मीही पेपरात वाचलं होतं, केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली त्यांनी अन् लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक पानभर मजकूर छापला, सोबत दोघांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो. दोघांचाही बी-एम-आय नेमका २२.३. पाहणाऱ्याला दोघंही सडसडीत. पण एक्स-रेनं चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली अन् याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. खाली गमतीनं कारणही दिलं होतं. एक जण मॅरेथॉन पळतो, अन् दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलची लिफ्ट बंद होण्याआधी पळत जाऊन ती गाठणं.

"मी तं लिफ्टही गाठत नाही," भाऊजी म्हणाले. जरा आवाज उतरला होता.

"तेच ना. वयाच्या तिशीनंतर काही केलं नाही तं स्नायू दर दहा वर्षांनी तीन ते आठ टक्के कमी होतात, साठीनंतर आणखी वेगानं. तुमचं वजन लग्नापासून तेवढंच आहे म्हणजे स्नायू गेला तेवढी चरबी आली. अन् ती मांडीवर नाही, पोटात. जेवणानंतर रक्तातली साखर उचलायचं सगळ्यात मोठं काम स्नायू करतात. उचलणारे कमी झाले की साखर रक्तातच फिरत राहते. देशभराच्या पाहणीचे आकडे आले २०२३ मध्ये, आयसीएमआरच्या. बी-एम-आयप्रमाणे लठ्ठ निघाले २८.६ टक्के अन् पोट सुटलेले ३९.५ टक्के. म्हणजे कितीतरी माणसं काट्यावर पास, पोटावर नापास."

मावशीचे हात थांबले होते. "आमच्या गावात आधी पोट सुटलेला एकच माणूस होता, मालगुजार. आता पाहा, एवढीएवढी पोट्टी पोट घेऊन फिरून राहिली. हातपाय काडीवानी."

भाची म्हणाली, याज्ञिकांचं खरं काम तिथंच आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बाया अन् त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं जन्मताना सरासरी साडेतीन किलोंची, ही बाळं २.७ किलोंची. लहान, पण सारखी लहान नाहीत. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, अन् कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. आईला पोटभर अन् सकस मिळालं नाही की बाळ बाकीचं सगळं कमी करतं, चरबी धरून ठेवतं. पुढं पोट भरायला लागलं, काम सुटलं, की तीच चरबी वाढत जाते.

"नवव्या महिन्यात रोवणा केला मी," मावशी म्हणाली. "बांधीत गुडघ्याएवढं पाणी, हातात पऱ्ह्यांची जुडी, दिवसभर वाकून. खायले काय, भात अन् आंबील. माझा पोट्टा हातात मावे एवढा होता." क्षणभर कोणीच बोललं नाही. मग तीच म्हणाली, "पण पोट नव्हतं आमचं! रोवणा, कापणी, पुंजणे रचणं, सगळं अंगावर. आता हार्वेस्टर येते, अर्ध्या दिवसात बांध्या साफ करते. अन् भात मात्र तेवढाच खातात."

यावरून भाताची गोष्ट परत निघाली, अन् तिच्यावरच खरं भांडण होतं. गोंदियाला तांदळाचं शहर म्हणतात, चारी बाजूंनी राइस मिल. इथं पाहुण्याला पोळी कमी पडली तर चालते, भात कमी पडला तर सोयरीक मोडते. भाऊजींचं म्हणणं, ज्या तांदळानं घर उभं केलं त्याला ताटातून हाकलणं हा नमकहरामपणा.

"हाकललं नाही ना," वहिनी म्हणाल्या. "आधी दोन मुदी भात अन् वरून पातळ वरण. आता एक मूद भात अन् वाटीभर घट्ट डाळ. चिन्नोर शिजवला की मीही खाते, वासानंच."

भाची म्हणाली, शंभर ग्रॅम तांदळात सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात अन् शंभर ग्रॅम तूरडाळीत एकवीस-बावीस. एका अंड्यात सहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं धडधाकट माणसाला रोज वजनाच्या किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे वहिनींना पन्नासच्या आसपास. वजनं उचलून स्नायू वाढवायचा असेल तर त्याहून बरीच जास्त. पातळ वरणाच्या दोन वाट्यांत ती कुठून येणार? त्यासाठी महागडे डबेही नको. अंडी, चणे, शेंगदाणे, दही, तळ्यातला रोहू-कतला, अन् हे मावशीच्या टोपल्यातले पोपट. किडनीचं दुखणं असलेल्यानं मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

"अन् बाई डंबेल उचलून पैलवान झाली तं?" भाऊजी.

"मामा, पैलवान व्हायचं हार्मोन बायकांच्या अंगात पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असते. दंडात एक शिलाई उसवली, एवढंच होते."

आता मावशीनं जे विचारलं, ते मला वाटतं सगळ्या सकाळीतलं सगळ्यात शहाणं होतं. "मले एक सांग वं पोरी. उद्या कोणीही उठेल, तूपरोटी खाईल अन् म्हणेल, माझी चरबी उतरून राहिली, काट्यावर दिसत नाही. त्याले कसं पकडायचं?"

"टेपनं," भाची म्हणाली. "काटा हलत नाही अन् टेपही हलत नाही, दोन-तीन महिने झाले, तं काहीच होऊन राहिलं नाही. मनाले फसवू नका. अन् ज्याचं वजन वीस-पंचवीस किलो जास्त आहे त्याचा काटाही खाली यायलाच पाहिजे, एवढी चरबी जाईल तेवढा स्नायू काही येत नाही. मामीसारखं होते ते बहुतेक नवीन व्यायाम सुरू करणाऱ्याचं, नाहीतर मधात सोडून परत धरणाऱ्याचं. तेही काही महिने. पुढं वेग मंदावते. अन् हे उलटंही लक्षात ठेवा, काही न करता कंबर, दंड, वजन सगळंच उतरायला लागलं तं गल्लीनं म्हणायच्या आधी तपासून घ्या."

वहिनींनी टेप घरातून आणलाच होता. पावसाळ्यात छत्तीस होती, आता तेहतीस. भारतीय बाईची कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आत पाहिजे, म्हणजे साडेएकतीस इंच. अजून दीड बाकी. वहिनींनी तो आकडा दोनदा वाचला. ज्या बाईला थोड्या वेळापूर्वी सगळं सोडून द्यायचं होतं ती आता दीड इंचाचा हिशेब करत होती.

"मामा, तुमचं?"

"मले मोजायची गरज नाही. माझी पँट चौतीसची आहे. दुकानात जाऊन विचार."

"पँट पोटाच्या खाली आहे मामा. पोट वर आहे."

मावशी एवढी हसली की शेंगा सांडल्या. भाऊजी उठून आत जायला निघाले, पण वहिनींनी दार अडवलं. भाचीनं टेप घेतला. शेवटची बरगडी संपते अन् कमरेचं हाड सुरू होतं, त्याच्या बरोबर मधात टेप धरायचा, आडवा, घट्ट नाही, सैल नाही. पुरुषाला नव्वद सेंटिमीटरची हद्द, म्हणजे साडेपस्तीस इंच. अन् उंचीच्या अर्ध्यात कंबर असली तर आणखी बरं, भाऊजींना तेहतीस.

पहिलं माप आलं चौतीस. भाऊजी विजयी.

"मामा, श्वास सोडा."

"सोडला."

"नाही सोडला. बोलून दाखवा बरं."

भाऊजी बोलायला गेले अन् पोट आपल्या जागी आलं. अडतीस.

कंपाउंडच्या दोन्ही बाजूंना शांतता. काट्यावर आयुष्य काढलेला माणूस मात्र मापाला कधीच तसंच मान्य करत नाही. "स्वेटर आहे आत. बारदाना कापावा लागते! नेट वजन धरा."

"मग काढा स्वेटर," वहिनी म्हणाल्या.

थंडीत कुडकुडत भाऊजींनी स्वेटर काढून कंपाउंडवर टाकलं. भाचीनं परत टेप लावला, या वेळी श्वास सोडला की नाही ते मावशीनं स्वतः उठून पाहिलं. साडेसदतीस.

"लिहून ठेव," भाऊजी बायकोला म्हणाले. "अर्धा इंच उतरला. तुले याले किती महिने लागले?"